तिसऱ्या मजल्यावरची वेबसाईट

आमच्या बिल्डिंगमध्ये एक वेबसाईट आहे. ती बघायची असेल तर तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवावी लागते.

बाकीच्या वेबसाईटी जगात कुठूनही दिसतात, हे पेडणेकरकाकांना माहीत आहे. त्यांना ते फारसं पसंत नाही. "खयसूनय दिसता म्हणजे काय? कोणीय येवचा, बघूचा नि चालता पडूचा? ना राम राम, ना चाय?" असं ते विचारतात आणि समोरच्याला ते पटतं. निदान मला तरी पटलं, आणि मी पवईच्या एका ऑफिसात वेबसाईटीच बनवते.

चारकोपच्या आमच्या सोसायटीच्या बोर्डावर, टाकी सफाईच्या सूचनेशेजारी, एक कागद कायम लावलेला असतो: 'वेबसाईट चालू आहे. वेळ संध्याकाळी पाच ते सात. रविवारी सकाळीही. चपला बाहेर काढाव्यात. - श्री. श्रीधर पेडणेकर.'

काका इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नोकरी संपली, स्टोअरकीपरी संपली नाही. त्यांच्या घरात मिठाच्या डब्यावर 'मीठ' अशी चिठ्ठी आहे. साखरेच्या डब्यावर 'साखर, मीठ नव्हे' अशी आहे. देव्हाऱ्याच्या खणात एक डबी आहे, तिच्यावर लिहिलंय, 'रिकामी'. मी एकदा विचारलं, रिकामी डबी ठेवायची कशाला? काका म्हणाले, "कोणी रिकामी डबी मागितली तर?"

तर अशा माणसाने एका रविवारी सकाळी माझी बेल वाजवली. मी लग्न होऊन या बिल्डिंगमध्ये आले त्याला फार दिवस झाले नव्हते. ओळख जिन्यात हसण्यापुरती होती.

"गो बाय, तुमच्या ऑफिसात वेबसायटी करतत मां? माका एक करूची आसा."

"कसली, काका?"

"माशांची."

मी घाटावरची. माशांचे पापलेट आणि इतर असे दोन प्रकार असतात, एवढंच माझं ज्ञान. पण म्हातारा माणूस काहीतरी शिकू बघतोय म्हणून मी वर गेले.

भाच्याने टाकून दिलेला एक जुना कॉम्प्युटर काकांनी हॉलमध्ये मांडला होता. त्यासाठी टीव्हीची बदली आतल्या खोलीत झाली होती. मांडणी जरा विचित्र होती. कीबोर्ड काकांच्या स्टुलासमोर, पण स्क्रीन मात्र खिडकीजवळच्या आरामखुर्चीकडे वळवलेला. टाईप करताना काकांना मान वाकडी करून तिरकं बघावं लागे. मी स्क्रीन सरळ केला. काकांनी तो पुन्हा वळवला. "ऱ्हवांदे. उजेड पडता."

आरामखुर्चीत पेडणेकरकाकू बसलेल्या असत. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला, हात बराचसा सावरला, बोलणं मात्र मागे राहिलं. 'हां' आणि 'नाय', त्यापलीकडे फारसं काही नाही. लालबागच्या चाळीत असताना त्यांनी सासूबरोबर गिरणी कामगारांची खानावळ चालवली होती. तेव्हा त्यांनी वरून हाक मारली की खाली पानवाला हातातलं पान टाकून उभा राहायचा, असं काका सांगत. काकू ते ऐकत आणि खिडकीबाहेर बघत.

मी काकांना समजावलं, की वेबसाईट जगापुढे ठेवण्याआधी आपल्याच कॉम्प्युटरवर चालवून बघायची सोय असते. त्याला लोकल सर्व्हर म्हणतात. लग्नाच्या आधी घरातल्या आरशासमोर शालू नेसून बघावा, तसं. काय बिघडलं ते आपल्यालाच दिसतं, बाहेर कुणाला कळत नाही.

"म्हणजे ती घरातच रवतली?"

"हो. दुसरीकडे कुठेच दिसणार नाही. ज्याला बघायची त्याला इथे यावं लागेल."

"झकास," काका म्हणाले. लोकल सर्व्हरचा हा तोटा ऐकून इतका खूश झालेला माणूस मी पहिल्यांदा बघितला.

सर्व्हरचं सॉफ्टवेअर कसं इन्स्टॉल करायचं ते दाखवून मी घरी आले. पुढे पुढे करत जा, शेवटी 'मान्य आहे' दाबा, एवढंच काम होतं. संध्याकाळी काका दारात. चेहरा गंभीर.

"नववा कलम माका मान्य नाय."

"कसलं कलम?"

त्यांनी 'मान्य आहे'च्या आधीचा तो सगळा करार, जो आजवर बनवणाऱ्यांनीही वाचला नसेल, डिक्शनरी घेऊन वाचला होता. सॉफ्टवेअरमुळे काही नुकसान झालं तर कंपनी जबाबदार नाही, असं त्यात होतं. "माल तेंचो, नि खराब निघालो तर जबाबदारी माझी? आमच्या स्टोअरात असो माल मी गेटच्या आत घेवक नाय." सगळे जण न वाचताच दाबतात, असं मी सांगितलं. काकांनी माझ्याकडे कणव आल्यासारखं बघितलं. शेवटी तडजोड झाली. 'मान्य आहे' मी दाबलं. काकांनी त्या वेळी पाठ फिरवली होती.

मग माशांची नावं ज्यात साठवायची तो डेटाबेस आला. त्याचा मुख्य वापरकर्ता सुरुवातीला पासवर्डशिवाय येतो, हे कळल्यावर काका हादरले. "दाराक कुलूपच नाय? नि तुमी जगभर असाच करतास?" त्यांनी ताबडतोब पासवर्ड घातला. मग तो आपण विसरलो तर पंचाईत नको म्हणून वॉचमनला सांगून ठेवला, दूधवाल्याला सांगितला आणि खालच्या इस्त्रीवाल्यालाही सांगितला. आजही आमच्या गल्लीत तो पासवर्ड बऱ्याच जणांना पाठ आहे.

सर्व्हर सुरू होईना तेव्हा मला ऑफिसात फोन यायचा. एकदा मी मीटिंगमध्ये होते. काकांनी हॅलोही म्हटलं नाही.

"बाय, फेटल झाला म्हणता."

"काय?"

"फेटल! लाल अक्षरात इला. कोण गेला?"

इंग्रजीत फेटल म्हणजे प्राणघातक; प्रोग्राममध्ये मोठी चूक झाली की कॉम्प्युटरही 'फेटल एरर' असं दाखवतो. मी बाहेर न जाता तिथूनच म्हटलं, "काका, घाबरू नका. कोणी गेलेलं नाही. मी आल्यावर बघते." फोन ठेवला तर टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघत होते. साहेब हळूच म्हणाले, तू नीघ घरी, आम्ही सांभाळतो. मी निघाले.

सर्व्हरला ये-जा करायला एक ठरलेला पोर्ट लागतो. तो दुसऱ्याच प्रोग्रामने अडवला होता. हे मात्र काकांना एका झटक्यात समजलं. पोर्ट म्हणजे बंदर, यात त्यांना शिकवण्यासारखं काही नव्हतं. लहानपणी ते बोटीने गावी गेलेले. "म्हणजे धक्क्याक दुसरी बोट लागली आसा." मी म्हटलं, हो, ती बंद करून टाकू. "हट! आधी लागलेल्या बोटीक हाकलूचा नाय. आपण दुसऱ्या धक्क्याक लावया." आम्ही आमचा सर्व्हर दुसऱ्या पोर्टला लावला. तो सुरळीत चालला. माझ्या ऑफिसात अशा वेळी पोरं आधी आधीच्या बोटीला बुडवतात.

अखेर वेबसाईट उभी राहिली. वर 'आमची मासळी' असं नाव, आणि खाली काकांनी बाजारात जाऊन काढलेले फोटो. प्रत्येक फोटोखाली माशाचं नाव आणि दोन शब्द. 'डोळे तरतरीत.' 'कालचा असावा.' 'भाव विचारला नाही.'

लोक यायला लागले. आधी कुतूहलाने, मग चहामुळे, मग सवयीने. पाच वाजले की तिसऱ्या मजल्यावर दाराबाहेर चपला दिसत. काका सर्व्हर सुरू करत, मान वाकडी करून एकेक फोटो पुढे आणत आणि खालचं नाव मोठ्याने वाचत.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक निळसर पट्ट्यांचा मासा दाखवून खणखणीत आवाजात वाचलं, "सुरमई."

आरामखुर्चीतून आवाज आला, "नाय."

"नाय कशी? सुरमईच ती."

"नाय!" काकूंनी खुर्चीच्या हातावर चापट मारली. ओठ हलले, थांबले, परत हलले. "बां... बांग... डो."

"असात, असात," काका बेफिकिरीने म्हणाले आणि पुढच्या फोटोकडे वळले. त्यावर मोरी, म्हणजे लहान शार्क, होती. खाली दुसऱ्याच माशाचं नाव लिहिलं होतं, 'हलवा'.

मला तेव्हा एवढंच वाटलं, की कोकणातला माणूस असून काकांना मासे ओळखता येत नाहीत आणि बिचारे स्वतःच्या बायकोसमोर, शेजाऱ्यांसमोर रोज तोंडघशी पडतात. चुका दुरुस्त करून देऊ का, असं मी दोनदा विचारलं. काका म्हणाले, "बघू." साखरेच्या डब्यावर 'मीठ नव्हे' असं लिहिणाऱ्या माणसाचं हे उत्तर मला तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

पुढे सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी कदम उभे राहिले. कदम रत्नागिरीचे, आणि मासे या विषयावर शेवटचा शब्द आपला असतो असं ते मानतात. ते म्हणाले, आपल्या सोसायटीत एवढी चांगली वेबसाईट आहे आणि ती घरात कोंडून पडली आहे, हे बरं नाही. ती जगाला दिसली पाहिजे. टाळ्या पडल्या. सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "बघू." कदमांनी ते मान्य झालं असं लिहून घेतलं.

मी वेबसाईट इंटरनेटवर चढवली. अर्ध्या तासाचं काम. ती सगळ्यांच्या मोबाईलवर दिसायला लागली आणि कदमांना जवळजवळ ताप भरला. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर चुकांमागून चुका पाठवल्या. बांगड्याला सुरमई? मोरीला हलवा? अख्ख्या जगात आपली काय लाज राहील? मी एका संध्याकाळी कदमांची यादी घेऊन बसले आणि सगळी नावं बरोबर केली. वेबसाईट निर्दोष झाली. ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली.

तिसऱ्या मजल्याबाहेरच्या चपला मात्र गेल्या. लोक जिन्यात काकांना भेटत, "काका, बघितली हां मोबाईलवर, मस्त," म्हणत आणि पुढे जात. काकांनी बोर्डावरचा कागद काढला नव्हता. पाच वाजता ते दार उघडं ठेवून बसत. मी ऑफिसातून येताना एकदा बघितलं, कॉम्प्युटर चालू होता, स्क्रीन काकूंकडे वळलेला होता आणि काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

मग एका संध्याकाळी काका माझ्याकडे आले. बसले नाहीत.

"बाय, माझ्यो चुको माका परत व्हयेत."

"म्हणजे?"

"ज्यो तू काढलंस, त्यो. जशो होत्यो तशो लाव. नि ती परत घरात आण."

इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण दुरुस्त केलेल्या चुका कुणी परत मागितल्या नव्हत्या. मी म्हटलं, अहो, सगळे किती कौतुक करतायत. कदमांना काय सांगू? काकांनी थोडा वेळ माझ्या पायपुसण्याकडे बघितलं. "बरा," म्हणाले आणि निघून गेले. मला वाटलं, म्हातारपणी माणूस हट्टी होतो.

त्या आठवड्यात माझा दीर जेवायला येणार होता. त्याला मासे लागतात. नवरा नेमका गावाला गेलेला, म्हणून रविवारी सकाळी पिशवी घेऊन मीच बाजारात गेले. कोळणींच्या ओळीसमोर उभी राहून काय मागावं याचा विचार करत होते, तेवढ्यात ओळखीचा आवाज ऐकू आला.

"ह्यो नको. ह्येचो कल्लो बघ, काळो पडलो. ती सुरमई दाखव. ती नाय गो, तिच्या मागची. नि बांगडे कालचे आसत, माका काय सांगतंस?"

पेडणेकरकाका. खाली वाकून, बोटाने मासा दाबून, नाकाजवळ नेऊन परत ठेवत होते. नावं तोंडातून पाण्यासारखी वाहत होती. मी पुढे झाले तशी कोळीण मला म्हणाली, "बाय, ह्यांच्याबरोबर उभी राहा. ह्यांना कुणी फसवत नाय. लांबून बघून सांगतात, सकाळचा की रात्रीचा."

काका वळले, मला बघितलं आणि शाळेत विडी ओढताना सापडलेल्या मुलासारखा चेहरा केला.

"काका," मी म्हटलं, "तुम्हाला सुरमई कळते."

"गप," काका म्हणाले. त्यांनी मला नारळवाल्याच्या बाजूला नेलं. आसपास बिल्डिंगमधलं कुणी नाही, हे बघितलं.

"डॉक्टरबाईन सांगलेल्यान, चित्रां दाखवा, नावां बोलून घेवा. रोज घेवा, तर वाचा येतली. मी दाखवलंय. बस, गाय, पंखो. ही तोंड फिरवी. परीक्षा घेतलेली तिका कधीच आवडूक नाय." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "पण मी चुकलंय मां, की तिका ऱ्हवाक येणा नाय. लगीन झाल्यापासून माझ्यो चुको काढूकच तिचो जन्म गेलो."

"मग घरातल्या घरात चुकायचं. लोक कशाला गोळा करायचे?"

"ता पण करून बघितलंय. माका एकट्याक ती नुसती 'नाय' म्हणा. माका तेवढा पुरता, तिका ठावक आसा. पण चार माणसां समोर बसली, नि घोवाची अब्रू जाऊक लागली, की मगे बोलूकच व्हया मां?"

नारळवाला एकेक नारळ कानाशी नेऊन हलवत होता.

"बिल्डिंगीत कोणाक सांगू नको," काका म्हणाले. "कळला तर सगळी तिच्या तोंडाकडे बघीत बसतली. मगे ती काय बोलतली?"

दिराला त्या दिवशी उत्तम सुरमई मिळाली. दुपारी सगळं आवरल्यावर मी वेबसाईट इंटरनेटवरून उतरवली, काकांच्या कॉम्प्युटरवर परत आणली आणि सगळ्या चुका होत्या तशा बसवल्या. चूक बरोबर करण्यापेक्षा बरोबर चूक करणं कठीण असतं. मोरीला हलवाच म्हटलं होतं की घोळ मासा, याचा मला फार विचार करावा लागला. काकांनी शेजारी बसून दोनचार नव्या चुकाही सुचवल्या.

कदमांना मी सांगितलं, की सर्व्हरला प्रॉब्लेम आहे. कसला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मोठा आहे. त्यांना ते पटलं नाही, आणि पुढच्या रविवारी ते स्वतः तपासायला तिसऱ्या मजल्यावर आले. ते आले म्हणून समोरच्या घरातलेही आले. कदम जाब विचारतायत हे बघायला आणखी दोन घरं आली. हॉल भरला.

काकांनी सर्व्हर सुरू केला. पहिला फोटो आला. कोळंबीचा ढीग होता. काकांनी मान वाकडी केली आणि वाचलं, "कुर्ली."

कदमांना ठसका लागला. मलाही एवढं कळत होतं, की कोळंबी आणि खेकड्यात कुणी गफलत करणार नाही. काका जरा जास्तच वाहवत गेले होते. कदमांनी बोट वर करून तोंड उघडलं. मी बिस्किटांची बशी त्यांच्या नाकासमोर धरली. "कदमकाका, घ्या ना. घ्याच." एखाद्या बाईने बशी पुढे केल्यावर ती बाजूला सारून बोलणं त्यांच्या संस्कारात नव्हतं. त्यांनी बिस्कीट तोंडात घातलं.

"सुं..." खुर्चीतून आवाज आला. "सुंगटा! कुर्ली नाय. सुंगटा ती."

"आमच्याकडे कोळंबी म्हणतात, पण तेच," कदम बिस्किटातून म्हणाले. "पेडणेकर, अहो, ही कमाल झाली."

"असात," काका म्हणाले.

पण काकू थांबल्या नव्हत्या. त्या सरळ कदमांकडे बघत होत्या. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी आपल्या बाजूचं भेटलं असावं तशा. "ह्येंका..." त्या म्हणाल्या. मग अडल्या. सगळे थांबले. कुणी शब्द पुढे केला नाही. "ह्येंका... काय... कळणा नाय. लग्नात... लगीन नवीन... तेवा पण..."

"तेव्हा काय केलं यांनी?" कदम खुर्ची पुढे ओढत म्हणाले.

काकू सांगायला लागल्या. शब्द दगडांवर पाय ठेवत यावेत तसे येत होते, मध्येच घसरत होते. लालबाग. खानावळ. सासूने नव्या जावयाला, नाही, मुलाला, बाजारात पाठवलेलं. याने कुजके बोंबील आणलेले. पंगत उपाशी. कदम मांडीवर हात मारून हसले, समोरच्या वहिनी हसल्या, आणि त्या हसण्याने काकूंना पुढचा शब्द सापडला.

काका कप गोळा करून आत गेले. मीही उरलेल्या बशा घेऊन त्यांच्या मागे गेले. मोरीवर नळ सोडून ते कपांकडे नुसते बघत उभे होते.

"काका, बोंबलांची गोष्ट खरी?"

"खयची खरी?" ते हळू आवाजात म्हणाले. "बोंबील तिनाच आणल्यान. मी बोलणी खाल्लंय माझ्या आयशीची."

"मग सांगा की बाहेर जाऊन."

"खुळी काय तू?" काकांनी चष्मा काढून बनियनला पुसला. "लग्नापर्यंत पोचली बघ. आता काय ती थांबणा नाय."

आणि बाहेरचं नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी नळ बंद केला.